तोरणमाळच्या तलावांची हद्द आधी वनस्पतींवरून ठरवा



नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या विकासाचा विषय निघाला की रस्ता, विश्रामगृहे, नौकाविहार आणि तलावाकाठचे सुशोभीकरण यांच्यापुढे चर्चा जात नाही. यशवंत तलाव आणि कमळ तलाव यांच्या पाण्यात व काठावर काय उगवते, किती उगवते आणि कुठपर्यंत उगवते, याची पद्धतशीर पाहणी करा, अशी मागणी क्वचितच ऐकू येते. काठावर सुशोभीकरणाचा नवा दगड बसण्याआधी ही पाहणी झालीच पाहिजे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

तलाव कुठे संपतो हे पाण्याच्या रेषेवरून ठरवता येत नाही. श्रावणात जिथे गुडघाभर पाणी असते, तिथे वैशाखात गुरे चरतात. त्या मधल्या पट्ट्याला पडीक जागा समजले जाते आणि मग तिथे मुरूम पडतो, वाहनतळ होतो, टपऱ्या लागतात. जमीन वर्षाचा बराच काळ ओली राहते की नाही, हे तिथली झाडे सांगतात. पाणकणीस, तालिमखाना, लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पती अशा जागा धरून असतात. दुरून सगळे गवतच वाटते. पण लव्हाळ्याचा देठ बोटांत फिरवून पाहिला तर तीन कडा हाताला लागतात, गवताचा देठ गोल लागतो. अशा खुणा धरत काठाने चालत गेले की तलावाची खरी हद्द आखता येते.

हे आता का बोलायचे? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये 2.25 हेक्टरांहून मोठ्या पाणथळ जागांची प्रत्यक्ष पडताळणी आणि हद्द आखणी करण्याचे आदेश राज्यांना दिले आहेत. दुसरीकडे, 2017 च्या पाणथळ जागा नियमांतून खास पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. एखाद्या तलावाला ‘पर्यटनाचा तलाव’ म्हणून बाजूला काढणे त्यामुळे फार सोपे होते. तिथे पाणथळ वनस्पतींचे कोणते पट्टे आहेत याचे कागद हाती नसतील, तर गावाने कशाच्या आधारावर भांडायचे?

जिल्ह्याच्या वनस्पतींवर अभ्यास झालेला आहेच, असे कोणी म्हणेल. तो झाला आहे, आणि करणाऱ्यांनी सातपुड्याचे डोंगर पायी तुडवून केला आहे. पण जिल्ह्याची यादी एखादी जात इथे सापडते एवढे सांगते. ती तलावाच्या कोणत्या कडेला, किती खोलीवर, किती दाटीने आहे आणि पाच वर्षांत वाढली की आटली, हे त्या यादीत नसते. त्यासाठी काठापासून खोल पाण्यापर्यंत दोर ताणून, ठरावीक अंतरावर चौकट टाकून मोजावे लागते. तेही वर्षभर. केवळ पावसाळ्यात पाहणी केली, तर फाल्गुन-चैत्रात पाणी मागे सरल्यावर ओल्या चिखलात उगवणाऱ्या बुटक्या वनस्पती निसटतात. केवळ उन्हाळ्यात गेले, तर भर पावसात फुलून संपणाऱ्या जाती हाती लागत नाहीत.

ही माहिती नसताना यंत्रे उतरवली तर काय होते, याचा विचार व्हावा. गाळ काढणे चांगलेच. पण पोकलेनच्या एका फटक्यात गाळाबरोबर कमळाचे कंद आणि वर्षानुवर्षे साठलेले बीही निघून जाते. ‘वनस्पती काढा’ म्हणताना जलपर्णी कोणती आणि तलावाची मूळची वनस्पती कोणती, हे ठेकेदाराच्या मजुराने ओळखायचे का? रंकाळ्यासारख्या तलावावर जलपर्णी पसरल्यावर काय दैना होते, ते कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. ती शिरकाव करताच दिसावी म्हणूनही आजची नोंद हवी.

कुपोषणाशी झगडणाऱ्या जिल्ह्यात ही चैन कशाला, हा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. माझे उत्तर असे, की ओलीच्या जागा अन्नाच्याही जागा असतात. नाळीची भाजी, शिंगाडा, कमळकाकडी या खायच्याच वस्तू आहेत. इथे त्यांतले काय आहे आणि काय हरवले, हे गावातल्या वयस्क बायांइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून पाहणीत पावरा आणि भिल कुटुंबांतले जाणकार पहिल्या दिवसापासून, मजुरी घेऊन, सोबत असावेत आणि प्रत्येक नमुन्यापुढे शास्त्रीय नावाबरोबर पावरी नावही लिहिले जावे. तोरणमाळचा अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे; पेसा कायद्याने लहान जलाशयांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले आहे, आणि जैवविविधता कायदा 2002 खाली गावाने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तेव्हा यादी तयार झाल्यावर तिची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात राहिली पाहिजे.

खर्च फार नाही. शहादा-नंदुरबारच्या महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग, जळगावचे विद्यापीठ आणि नमुने पक्के ओळखून जपण्यासाठी पुण्याचे भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्र एवढ्यांना जिल्हा प्रशासनाने एकत्र बसवावे. येत्या ज्येष्ठात काम सुरू केले, तर पुढच्या पावसाआधी नकाशा हाती येईल. तोवर दोन्ही तलावांच्या काठावरचे बांधकाम आणि यंत्राने गाळ काढणे थांबवण्याचा लेखी आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा.

– एक वाचक, शहादा