घड्याळ अडलं, नेट रुसलं!

वीकेंडला मनमाडला घरी गेले होते. कॉपी रात्री दहापर्यंत पाठवायची होती, म्हणून बाबांचा जुना पीसी सुरू केला. तर साहेब थेट १ जानेवारी २००९ मध्ये! वाय-फाय जोडलेलं, पण एकही साइट उघडेना. 'कनेक्शन सुरक्षित नाही' हेच पालुपद. मी राऊटर तीनदा बंद-चालू केला. बाबा शांतपणे म्हणाले, "अगं, आधी घड्याळ बघ. जंक्शनच्या गावात वाढलीस ना? वेळ चुकली की गाडी चुकते!"

बाबांचं बरोबर होतं. सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. २००९ मध्ये अडकलेल्या पीसीच्या हिशेबी आजचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नसतं. मग तो दार कसा उघडणार?

गुन्हेगार? मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटण सेल, बहुतेक वेळा सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो.

तर मंडळी, तुमच्यावर ही वेळ आली तर आधी तारीख-वेळ हातानं लावा आणि काम उरका. मग प्लग काढून सेल बदला, अधिकची खूण वर. वाय-फायच दिसत नसेल तर शटडाउन नको, रीस्टार्ट करा. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउननंतर ड्रायव्हर पूर्ण नव्यानं सुरू होत नाहीत. आणि हो, जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेततं.

कॉपी पावणेदहाला गेली. सेल दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडे मिळाला. बाबांची कॉलर मात्र अजून ताठ आहे!