म्हाताऱ्यांची झोप आणि मेडिकलची पट्टी

पारावर बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींचे बोलणे कधी कान देऊन ऐका. पाऊसपाणी झाले, बाजारभाव झाला, की गाडी झोपेवर येते. 'रात्रभर डोळ्याला डोळा नाही', 'दोनला उठतो तो उठतोच'. घरात यावर दोनच उत्तरे असतात. एक म्हणजे 'वय झालं, आता असंच चालायचं'. दुसरे म्हणजे तालुक्याहून येताना मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची पट्टी. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चूक आहेत, आणि दुसरे तर घातक आहे.

वयाने झोप हलकी होते, लवकर येते आणि लवकर उडते, हे खरे. पासष्टीनंतर सात ते आठ तास झोप पुरेशी मानतात. आठला अंथरूण धरणारा माणूस तीनला जागा झाला तर त्याची सात तास झोप झाली. दुपारी ओसरीवर दोन तास घोरला असेल, तर तेही त्यातच धरा. त्याला आजार म्हणू नका. पण आठवड्यातून तीन-तीन रात्री, आणि तेही तीन महिने, झोप लागत नसेल वा टिकत नसेल, दिवसा अंग मोडून येत असेल, तर तो निद्रानाश. त्याला कारण असते आणि ते शोधावे लागते.

आता गोळीचे पाहा. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही नावे आता खेड्यातही तोंडपाठ झाली आहेत. म्हाताऱ्या शरीरातून ही औषधे लवकर निघत नाहीत, रात्रीची गुंगी सकाळपर्यंत राहते. म्हातारा लघवीला उठतो, अंगणात अंधार, उंबरठ्याला पाय अडतो आणि खुब्याचे हाड मोडते. मग ऑपरेशन, आणि मग घरातले एक माणूस कायमचे त्यांच्या खाटेपाशी. शिवाय विसरभोळेपणा वाढतो, सवय लागते. जी आजी वर्षानुवर्षे गोळी घेते, तिची गोळी हा लेख वाचून एकदम बंद करू नका. एकदम तोडली तर झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते.

ही दोन्ही औषधे मार्च २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची. तरी बिनचिठ्ठीची मिळतेच. देणारा दुकानदार ओळखीचा असतो, तो बिचारा उपकार म्हणून देतो! असला उपकार नको म्हणायला शिका.

मग झोप का उडते? पुष्कळदा कारण साधे असते. वारंवार लघवी होत असेल तर साखर तपासा, पुरुषांत प्रोस्टेट तपासून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, ती गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. गुडघेदुखी आहे, खोकला आहे. आडवे झाले की दम लागत असेल, किंवा घोरता घोरता श्वास थांबत असेल, तर थांबू नका, दाखवा. अशा घोरणाऱ्याला झोपेची गोळी देणे धोक्याचे. संध्याकाळचा चहा, रात्री जागे झाल्यावरची तंबाखू, मिश्री ही झोपेची वैरी आहेत. थोडी घेतली की झोप येते म्हणतात. येते, पण मध्यरात्रीनंतर मोडते. आणि जोडीदार गेल्यावर, कर्जाच्या घोरात, पहाटे तीनला जाग येऊन मन खात बसत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर तो मनाचा आजार आहे आणि बरा होतो. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणखी एक कारण आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीत कधी येत नाही. ते म्हणजे रात्रीची लाईट. एका आवर्तनात दिवसा वीज, दुसऱ्यात रात्री. पोरगा कंपनीत कामाला, म्हणून दारं धरायला पासष्टीचा बाप जातो. बॅटरी हातात, मनात सापाची आणि बिबट्याची धास्ती. आठवडाभर असे जागून पुढच्या आठवड्यात म्हणायचे, 'बाबा, झोपा आता!' शरीर काय मोटारीचे बटण आहे? दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. ज्या फीडरवर ती पोहोचली नाही तिथल्या सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ठराव करून पाठपुरावा करावा. हा प्रश्न जेवढा पिकाचा आहे तेवढाच तब्येतीचाही आहे. आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा नियम २००० सालचा आहे. गावात तो कोण पाळतो?

घरी करण्यासारखे बरेच आहे. रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच ठेवा. सकाळी उन्हात बसवा, झेपेल ते काम करू द्या, कारण रिकाम्या बसलेल्या अंगाला झोप येत नाही. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, तीनच्या आत. डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जायचे, आणि झोप लागेना तर कूस बदलत न राहता उठून बसायचे. याच धाटणीच्या शिस्तीला अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ साली गोळीच्या आधीचे स्थान दिले. दोन-चार दिवसांत गुण येत नाही, काही आठवडे नेट धरावा लागतो. तोवर संडासच्या वाटेवर एक बल्ब लावा.

आज घरी गेल्यावर वडिलांच्या उशाखालची औषधांची पिशवी काढा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. सर्दीच्या, अंगदुखीच्या गोळ्याही त्यात असू द्या, काहींच्या गुंगीने म्हातारी माणसे गोंधळतात. आणि वडिलांनाही बरोबर न्या. पिशवी एकटीच गेली तर परत तीच गोळी घेऊन येईल.