सायलेन्सरचे ऊर्ध्वगमन
आमच्या भाच्याने जुनी जीप घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यात राजमाचीच्या वाटेवर एका धोंड्याला तिचा सायलेन्सर अर्पण करून आला. "मामा, आता पाइप चेसीच्या वर घेतो." घे बाबा! लोंबते नळकांडे वर गेलेलेच बरे. (मात्र जीपचा सर्वांत खाली असलेला अवयव म्हणजे ॲक्सलचा गोळा. मोठी चाके घातल्याशिवाय तो तसूभर हलत नाही, हे या वीरांना कोण सांगणार?)

माझे भांडण आहे मिस्त्रीशी. या गृहस्थाने पाइप वर घेतला खरा, पण ब्रेकच्या नळीला अगदी बिलगून. ते तेल उकळले म्हणजे पेडल नुसते खाली जाते, जीप आपली चाललेलीच! आणि मागपर्यंत न्यायचा कंटाळा म्हणून पाइप दारापाशीच कापला. धूर येतो आत. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास; डोके जड होते, झोप येते, आणि भाच्याला वाटते घाटातली हवा मानवली!

मी म्हटले, "अहो, पाइप मागच्या बंपरपर्यंत न्या, मध्ये पत्रा घाला."

"कशाला साहेब? काच उघडी ठेवायची."

पावसाळ्यात!