चारमिनारच्या कमानीतला ऐन

दिवाळी तोंडावर आली की आमच्या देवघरातील लाकडी पेटी बाहेर निघते. तीत आजीचे एकवीस चांदीचे रुपये आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आधी आजी व तिच्यामागे आई ते रुपये चिंचेच्या कोळात भिजत घालीत आणि मग रांगोळीच्या भुकटीने अंगठ्याखाली चोळचोळून लख्ख करीत. आम्हा भावंडांचे काम एवढेच, की धुतलेले रुपये पंचावर मांडून त्यांत हाली किती आणि कलदार किती हे मोजावयाचे. मराठवाड्यातून हैदराबादेस येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे दोन शब्द अजून आहेत. तरुण वाचकांना मात्र ते सांगावयास हवेत.

हाली म्हणजे निजामाच्या टांकसाळीतला रुपया व कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा. सात हाली देऊन सहा कलदार घ्यावे असा सर्वसाधारण भाव होता. आजीला हा हिशेब तोंडपाठ होता, पण सातास सहाच का, असे विचारले तर ती म्हणे, "सरकारचा हुकूम, दुसरं काय!" हुकूम असेलही, परंतु त्यामागे चांदी होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनचा चारमिनार छापाचा रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा, त्यात हजारी ८१८ भाग चांदी, म्हणजे ९.१४ ग्रॅम. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. आता सात हाली एका पारड्यात कल्पावे आणि सहा कलदार दुसऱ्यात. दोहींकडे शुद्ध चांदी ६४ ग्रॅमच भरते. गणिताचे शिक्षक रजेवर असले की मी आठवीच्या वर्गावर जाऊन हे उदाहरण घालतो. मुलांना ते अपूर्णांकांच्या पाठापेक्षा अधिक रुचते, असा माझा अनुभव आहे.

आई गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. तोवर नाण्यांचा नाद मला नव्हता. एके दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतील भिंग सहज घरी आणले होते, त्याखाली एक हाली रुपया धरला आणि प्रथमच लक्षात आले की चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर आहे. पुढे पुस्तके धुंडाळली तेव्हा उलगडा झाला. १९११ साली मीर महबूब अली खान वारले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. बापाच्या नाण्यावर कमानीत 'मीम' हे अक्षर आहे, मुलाच्या नाण्यावर 'ऐन'. मुलाच्या कारकिर्दीच्या आरंभीच्या काही नाण्यांवर हा ऐन अपुरा, जणू अर्धाच कोरलेला आहे. लवकरच तो पूर्ण दिसू लागतो. म्हणून जाणकार मंडळी अर्ध्या ऐनाचा रुपया वेगळा काढून ठेवतात. वास्तूच्या वर ९२ हा आकडाही आहे. अरबी अक्षरांना अंक मानून मुहम्मद या नावाची बेरीज केली तर ती ९२ येते. साल हिजरी असते व ते फारसी अंकांत लिहिलेले असते. त्यात शून्य म्हणजे केवळ एक ठिपका, सात आणि आठ म्हणजे एकमेकांच्या उलट ठेवलेल्या दोन तिरप्या रेघा, एवढे ओळखता आले की साल लावण्यास वेळ लागत नाही.

आमच्या पेटीतील एका रुपयावर १३३० हे साल, म्हणजे साधारण १९१२, आणि कमानीत तो अर्धा ऐन! मला जो आनंद झाला तो सांगून सोय नाही. रुपया कापसात गुंडाळून मी शहरातील एका जुन्या नाणेविक्रेत्याकडे गेलो. त्याने तो दोन बोटांनी केवळ काठावर धरला, दिव्याखाली हळूहळू कलता केला, आणि परत माझ्या हाती ठेवला.

"चीज तो अच्छीच है साब, मगर इसकू घिस को खराब कर दिये."

त्याने मला बसवून घेतले आणि दुसरा एक हाली रुपया काढून दाखविला. तो काळसर होता. आमचा लख्ख पांढरा, त्याचा मळकट. माझ्या डोळ्यांना आमचाच उजवा वाटला. पण दिव्याखाली कलता करताच त्या काळसर रुपयावरून प्रकाशाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी फिरत गेली. आमच्या रुपयावर तसे काहीच हलले नाही. तो सर्वत्र सारखाच पांढरा, आणि भिंगाखाली पाहता एकाच दिशेने गेलेल्या असंख्य बारीक रेघांनी भरलेला. ती आईच्या अंगठ्याची दिशा होती.

हे असे का होते ते मागाहून समजले. ठशांच्या दाबाखाली चांदी मध्यापासून काठाकडे किंचित वाहते आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म लहरी उमटतात. फिरणारा प्रकाश हा त्या लहरींचा असतो. नाणे व्यवहारात फिरले की त्या हळूहळू झिजतात, रांगोळीने चोळले की एका दिवाळीत पुसल्या जातात, आणि एकदा गेल्या की कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. उलट, हवेतील गंधकाने चांदीवर चढलेली काळसर झाक ही, ती एकसारखी असेल तर, संग्राहकांच्या लेखी दोष नसून बहुधा भूषणच असते. आपल्या घरांतून जिला मळ समजून पिढ्यान्पिढ्या घालवीत आलो ती हीच झाक.

त्या दिवसापासून मी नवशिक्या संग्राहक झालो, आणि नवशिक्यांच्या वाटेवर पहिला मोह येतो तो प्रतवारी केलेल्या नाण्यांचा. ही नाणी कठीण पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोहोरबंद डबीत येतात. व्यवहारात या डबीला 'स्लॅब' म्हणतात. आत एक चिठ्ठी असते व तीवर नाण्याचे नाव, साल, दाखल-क्रमांक आणि १ ते ७० मधील एक आकडा. हा मापदंड विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली त्यांच्या देशातील जुन्या तांब्याच्या सेंटांकरिता बसविला. त्याची मूळ कल्पना अशी की ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. किमतीचे ते गणित केव्हाच मोडले, आकडे मात्र राहिले. पुढे १९८६ साली पी.सी.जी.एस. आणि १९८७ साली एन.जी.सी. या अमेरिकन संस्था निघाल्या आणि शुल्क घेऊन तिऱ्हाइतपणे प्रत ठरविण्याची ही रीत जगभर पसरली. साठाच्या पुढची नाणी न वापरलेली, पन्नाशीतली किंचित वापरलेली, चाळिशीतली वापरलेली पण नक्षी स्पष्ट राखलेली, असा ढोबळ अर्थ आहे. आमच्या रुपयासारख्या चोळलेल्या नाण्यास पुष्कळदा आकडा मिळतच नाही. साफ केल्याचा शेरा मारून ते परत येते. (या शेल्डनसाहेबांनी न्यूयॉर्कच्या एका नामांकित नाणकसंस्थेच्या संग्रहातील उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी आपले हलके सेंट ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. परीक्षकांचाही कोणी परीक्षक असावा लागतो, हे आम्हा मास्तर मंडळींना निराळे सांगावयास नको.)

आपला घरचा रुपया तिकडे धाडून प्रत लावून घ्यावी, असे काही वाचकांच्या मनात येईल. माझ्याही आले होते. पण १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही. हौसेच्या भरात हे विसरू नये.

आता माझ्या फजितीविषयी. एका प्रदर्शनात मी पहिला स्लॅब घेतला तो पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया, दर्जा ६३. डबीतले ते तेज पाहून मी भारावलो आणि विक्रेत्याने सांगितलेली रक्कम घासाघीस न करता मोजली. घरी आल्यावर वाचले की त्या एका वर्षात मुंबई व कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले होते! महायुद्धामुळे चांदीचा इतका तुटवडा पडला होता की अमेरिकेने त्या वर्षी खास कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळविले व ती चांदी हिंदुस्थानासाठी इंग्रजांना विकली. पुढील प्रदर्शनात त्याच सालाचे, त्याच प्रतीचे रुपये मी टेबलाटेबलावर पाहिले, आणि बहुतेक ठिकाणी माझ्यापेक्षा पुष्कळ कमी दामात. विक्रेत्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. चिठ्ठीवरचा आकडा नाण्याची प्रकृती सांगतो. ते किती दुर्मिळ आहे याविषयी तो मुका असतो. दुर्मिळता पुस्तकांतून शोधावी लागते, आणि पुस्तक आधी व नाणे मागाहून घ्यावे ही साधी गोष्ट मजसारख्या पुस्तकातच जन्म घालविलेल्या माणसाला सुचली नाही.

तरी तो रुपया घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. न वापरलेली चांदी कशी दिसते हे त्यानेच मला शिकविले. माझे मत विचाराल तर नवशिक्याने असा एक स्लॅब अवश्य घ्यावा, पण स्वस्त व विपुल सालाचा, आणि तो कसोटीच्या दगडासारखा जवळ बाळगावा. मोकळे नाणे घेताना त्याच्याशी ताडून पाहावे. राजाच्या गालावर, मुकुटावर, जेथे उठाव सर्वांत अधिक तेथे झीज आधी दिसते. काठावर कडी जोडल्याची खूण आहे का, हेही फिरवून पाहावे. आपल्याकडे बायकांच्या गळ्यात व लमाणी पोशाखावर कितीतरी रुपये गेले, आणि कडी काढून घासलेली जागा थोडी चपटी राहते. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांत नाणी ठेवू नयेत, कालांतराने त्यावर हिरवट चिकट थर येतो.

स्लॅबही नकली निघतात हे ध्यानात ठेवावे. चिठ्ठीवरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतो, परंतु क्रमांक खराच नकललेला असू शकतो. म्हणून तेथे छायाचित्र असेल तर त्यावरील ओरखडा न् ओरखडा हातातील नाण्याशी जुळवावा. मोकळ्या नाण्याकरिता मात्र आर्किमिडीजइतका भरवशाचा मित्र नाही. सराफी काट्यावर पाण्याने भरलेला छोटा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. रुपया दोऱ्याने बांधून, तळाला वा कडेला न टेकता, पाण्यात पूर्ण बुडेल असा धरावा. खऱ्या हाली रुपयाने काटा सुमारे १.१० ग्रॅम दाखवील. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा रुपया असेल तर १.२८ च्या आसपास जाईल. हा प्रयोग मी आमच्या शाळेत केला तेव्हा मागच्या बाकांवरील मुलेही पुढे येऊन उभी राहिली. ज्यांना अधिक पाहावयाचे असेल त्यांनी सैफाबादेस जावे. १९०३ पासून तेथे निजामाची टांकसाळ होती. १९९७ साली काम चेर्लापल्लीस हलले, आणि २०२२ साली जुन्या इमारतीत नाण्यांचे संग्रहालय उघडले.

गेल्या दिवाळीत सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे चिंच भिजत घातली. मी पेटीवर हात ठेवून ऐन, लहरी, शेल्डन, सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "अहो, ते सगळं खरं. पण लक्ष्मीपुढे काळे रुपये ठेवायचे का? सासूबाईंनी कधी ठेवले नाहीत."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. जे जावयाचे ते आईच्या हातून कधीच गेले होते. आता चिंचेने आणखी काय जाणार? पण एकवीसांपैकी चार कलदार, बहुधा पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळून राहिल्यामुळे, जुन्या काळसर झाकेचे होते. ते तेवढे मी मागून घेतले. उरलेले सतरा तिने कोमट पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपले. चिंच आमटीत गेली, आणि रांगोळी तिने दारात घातली. अर्ध्या ऐनाचा रुपया तबकात सर्वांत वर होता. पूजेनंतर धाकटीने तो उचलला आणि विचारले, "बाबा, या रेघा कसल्या?"

मी म्हणालो, "आजीच्या."