दोन द. रा. आणि ४४१

धारवाडला गेलेला गोंयकार पेढे घेतो, वेळ असला तर साधनकेरीला जाऊन बेंद्र्यांचं घर बघतो आणि लोंढ्याची गाडी पकडतो. कन्नडमधले एवढे मोठे कवी, १९७३ सालचं ज्ञानपीठ, घरची भाषा मात्र मराठी, इतकं आपल्याला ठाऊक असतं. त्यांना ४४१ या आकड्याचं पिसं होतं, हे कुणी सांगितलंच तर हसून सांगतो. कवी शेवटी आकड्यांत हरवला, असा सूर.

मला तो सूर पटत नाही.

जरा बघा तरी ४४१ कडे. हा २१ चा वर्ग. २१ उलटा केला की १२, त्याचा वर्ग १४४, म्हणजे ४४१ च उलटा! १ ते ६ चे घन मिळवा: १+८+२७+६४+१२५+२१६. पुन्हा ४४१.

दुसरे द. रा. म्हणजे कापरेकर. गंमत अशी की दोघंही दत्तात्रेय रामचंद्र, दोघंही फर्ग्युसनचे. कापरेकर देवळालीला शाळामास्तर. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनवर कल्पना सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं: डेम्लो संख्या. त्यातली सर्वात देखणी म्हणजे नऊ एकांचा वर्ग, १२३४५६७८९८७६५४३२१. पाटीवर गुणाकार मांडून बघा. एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात आणि मधल्या रकान्यात बरोबर नऊ एक जमतात. हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की मध्ये हातचा येतो आणि आरसा तडकतो. या सतरा अंकांची बेरीज ८१, तीही नऊचा वर्गच.

कापरेकरांनाही आपल्याकडे बरीच वर्षं खुळ्यातच काढलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, मग आपल्याला ते दिसले. (परदेशी शिक्क्याशिवाय आपला माणूस आपल्याला दिसत नाही, हे जुनंच दुखणं.)

दोघांना एकाच मापानं मोजायचं नाही. बेंद्रे आकड्यात विश्वाचा अर्थ शोधत. तिथे मी त्यांच्यासोबत जात नाही, आकड्याला अर्थ चिकटवला की ज्योतिषाची वाट फार लांब नसते. कापरेकर नियम शोधत, आणि नियम तुम्ही-आम्ही कागदावर तपासू शकतो. पण कशाच्याही उपयोगाविना एका संख्येकडे वर्षानुवर्षं बघत राहण्याची ताकद दोघांत होती. आम्ही मुलांकडून पाढे घोकून घेतो, पण २१ उलटा करून बघ रे, असं म्हणत नाही.

कापरेकरांचा ६१७४ आठवतो? चार अंक उतरते लिहा, चढते लिहा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसले तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर पोचता. मी बेंद्र्यांचा आकडा टाकून पाहिला, पुढे एक शून्य देऊन. ४४१०-०१४४=४२६६. ६६४२-२४६६=४१७६. ७६४१-१४६७=६१७४. तीनच पायऱ्या.