मॉडचे पैसे घ्यावेत का?



आपल्या मुलांच्या बोलण्यात 'मॉड' हा शब्द आला की आपण कानाआड करतो. गेमचं काहीतरी असेल म्हणून सोडून देतो. पण या शब्दामागे एक प्रश्न आहे आणि तो आपल्यालाही लागू पडतो. हौसेने केलेल्या कामाचे पैसे मागावेत का?

आधी मॉड म्हणजे काय ते बघू. कंपनीने बनवलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यांनीच केलेला बदल किंवा घातलेली भर म्हणजे मॉड. नवीन तलवार, नवीन गाव, कधी तर अख्खा नवीन खेळ! 'काउंटर-स्ट्राइक' हा जगप्रसिद्ध गेम १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या गेमचा मॉड म्हणूनच सुरू झाला. दोन तरुणांनी केलेला हा मॉड पुढे व्हॉल्व्ह कंपनीने विकत घेतला.

बहुतेक मॉड फुकट मिळतात. एप्रिल २०१५ मध्ये मात्र व्हॉल्व्हने आपल्या 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात 'स्कायरिम' गेमचे मॉड विकायला परवानगी दिली. १०० रुपयांची विक्री झाली तर मॉड बनवणाऱ्याला त्यातले २५ रुपये मिळणार होते. बाकीचे ७५ व्हॉल्व्ह आणि गेम बनवणारी बेथेस्डा या कंपन्यांचे. खेळणारे भडकले. लाखाहून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या. चार दिवसांत योजना गुंडाळली गेली आणि लोकांचे पैसे परत झाले.

विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांचं म्हणणं होतं की मॉड फुकटच हवेत. मला हे पटत नाही. कोणी महिनोन्‌महिने रात्री जागून काम केलं, तर मोल मागण्यात लाज कसली? हौस आहे म्हणून मेहनत फुकट होत नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे. मॉड बऱ्याचदा एकट्याचा नसतो. त्या चार दिवसांतच मासेमारीचा एक मॉड विक्रीतून काढावा लागला, कारण त्यात दुसऱ्याने फुकट दिलेल्या कामाचा आधार घेतला होता. ज्याने सगळ्यांसाठी म्हणून दिलं, त्याला न विचारता त्यावर पैसे कमावणं बरोबर नाही.

आता आपल्याकडे बघा. एक शिक्षिका स्वाध्यायपत्रिका तयार करते, ग्रुपवर टाकते. चार दिवसांनी तीच पीडीएफ तिचं नाव काढून, दुसऱ्याचं नाव टाकून फिरते. कधी तर विकलीही जाते. प्रश्न तोच आहे ना?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पैसे जरूर मागा, पण तीन गोष्टी पाळून. काम स्वतःचं हवं. दुसऱ्याचं वापरलं असेल तर त्याची परवानगी आणि नाव हवं. आणि राबणाऱ्याच्या हातात योग्य वाटा पडायला हवा. २०१५ ची योजना फसली त्यात या गोष्टींच्या हेळसांडीचा मोठा हात होता, असं मला वाटतं.

मुलांना हे शिकवायला वेगळा तास लागत नाही. प्रकल्पात चित्र चिकटवलं की एवढंच विचारा, "हे कोणी काढलंय? नाव लिहिलंस का?" आणि मूल एखादा मॉड फुकट घेत असेल तर सांगा, "बनवणाऱ्याला धन्यवाद तरी लिही."

कष्टाची किंमत ओळखायची सवय अशीच लागते. करून बघा!