आकड्याशेजारचे अक्षर

नदी म्हटली की मराठीच्या मास्तराला उपमा आठवाव्यात, आकडे नव्हेत. पण गेल्या दिवाळीत माझी भाची कॅनडाहून आली आणि फराळाच्या ताटाशेजारीच तिने आपला संगणक उघडला. पडद्यावर मॅकेन्झी नदीच्या प्रवाहाचा तक्ता होता. एका बाजूला तारखा, वर महिने आणि दर चौकोनात त्या दिवशी सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहिले तो आकडा. हिवाळ्यातल्या आकड्यांपुढे मात्र ओळीने इंग्रजी ‘बी’ हे अक्षर होते.

“हे काय? नापासांची यादी?” मी विचारले.

“नाही हो मामा! त्या दिवशी नदीवर बर्फ होता. आकडा जरा जपून घ्या, एवढाच अर्थ.”

माझ्या हातातली चकली हातातच राहिली. त्याचे कारण पुढे सांगतो.

एरवी रोज प्रवाह मोजीत नाहीत, पाण्याची उंची मोजतात. इतकी उंची म्हणजे इतके पाणी, असे कोष्टक आधीच्या मोजण्यांवरून तयार असते. नदी गोठली की हे कोष्टक लटके पडते. बर्फाचा थर पाण्याला अडवतो, पातळी चढते. पट्टी म्हणते पाणी वाढले, प्रत्यक्षात ते घटलेले असते! मग माणसे कुडकुडत बर्फावर जातात, ह्या काठापासून त्या काठापर्यंत ओळीने भोके पाडतात आणि एकेका भोकातून वेग मोजण्याचे यंत्र खाली सोडतात. खोली, रुंदी, वेग ह्यांचा गुणाकार करायचा, बेरीज मांडायची. असा खटाटोप हिवाळ्यात मोजक्याच वेळा होतो. मधले दिवस अंदाजाने भरतात. पण लपवीत नाहीत. शेजारी ‘बी’ घालतात.

आता माझी गोष्ट. एका सत्रात मी पंधरा दिवस हजेरी घेण्याचा कंटाळा केला आणि शेवटी सारा पंधरवडा आठवणीने भरून टाकला. मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा मला काही आठवला नाही. त्याची हजेरी कमी भरली, परीक्षेचा अर्ज अडला. तो आला आणि एवढेच म्हणाला, “सर, मी होतो.” त्याच्या वहीत त्या पंधरा दिवसांची माझी व्याख्याने तारीखवार उतरलेली होती! मी कचेरीत चिठ्ठी दिली, अर्ज सुटला. भाचीला हे सांगितले तेव्हा ती हसली नाही.

उलट, खरी पंचाईत वसंतात होते, म्हणाली. उत्तरेकडच्या ह्या मोठ्या नद्या दक्षिणेकडून उत्तरेला वाहतात. वरचे पाणी आधी सुटते आणि खाली गोठलेल्या पात्रावर येऊन आदळते. बर्फाचे बांध पडतात, पाणी तुंबते. मे २००१ मध्ये सायबेरियातले लेना नदीकाठचे लेन्स्क गाव असेच बुडाले. त्या दिवसांत बर्फावर पाऊल ठेवता येत नाही आणि होडीही घालता येत नाही. आणि लेनाचे वर्षाचे एक-तृतीयांशाहून अधिक पाणी एकट्या जूनमध्ये वाहते! म्हणजे सगळ्यांत मोठा हिशेब नेमका सगळ्यांत अवघड वेळी.

बर्फ कधी सुटणार ह्याची पैजही लागते बरे! अलास्कात टनाना नदीकाठी नेनाना नावाचे गाव आहे. तिथे १९१७ साली रेल्वेच्या इंजिनियरांनी अशी पैज लावली. तेव्हापासून दर वर्षी बर्फावर लाकडी तिकाटणे उभे राहते. ते काठावरच्या घड्याळाला जोडलेले असते. बर्फ हलला की घड्याळ थांबते. २०१३ साली ते २० मे रोजी थांबले, २०१९ साली १४ एप्रिलला.

“पण एवढे आकडे कुणाला हवेत?” आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर ध्रुवाकडचा महासागर जगातल्या समुद्रजलाच्या जेमतेम शेकडा एक, पण जगातल्या नद्यांचे शेकडा दहाहून अधिक पाणी त्यात पडते. ओब, येनिसेई, लेना धरून रशियातल्या सहा नद्यांचे आकडे जुळवले, तेव्हा १९३६ ते १९९९ ह्या काळात त्यांचे पाणी सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. गोडे पाणी हलके. ते फार झाले तर उत्तर अटलांटिकात खारे, थंड पाणी खाली बुडण्याची क्रिया मंदावते, आणि युरोपच्या हवेचे बरेचसे गणित तिच्यावर बसलेले आहे. सात टक्के! कुणीतरी साठ-साठ वर्षे रोज पट्टी वाचली म्हणून ते कळले.

पण १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि पैशाअभावी तिथली पुष्कळ केंद्रे बंद पडली. सुखवस्तू कॅनडानेही त्याच दशकात काटकसरीपायी आपली काही केंद्रे मिटली. त्या दिवसांचे पाणी समुद्राला मिळून गेले. आता कितीही पैसा ओतला तरी ते मोजता येणार नाही. नेनानाच्या पैजकऱ्यांची वही मात्र चालूच आहे.

संगणक मिटताना भाचीने हळूच विचारले, “मामा, त्या पंधरवड्यापुढे तुम्ही काय खूण केली होती?”

काहीच नव्हती. ठसठशीत निळ्या शाईत हजर आणि गैरहजर, एवढेच.